खालच्या पायरीची गाडी

आमच्या भागात 'गाडी' या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या वयावरून ठरवावा लागतो. माझी आई गाडी म्हणते तेव्हा तिला आगगाडी अभिप्रेत असते. माझी बायको म्हणते तेव्हा एस.टी.; आणि शाळेतली पोरे म्हणतात तेव्हा मोटारसायकल. बैलांच्या गाडीला आम्ही गाडी म्हणतच नाही. ती बंडी. चार चाकांची, आपल्या नावाची, आपल्या दारासमोर उभी राहणारी मोटार हिला घरात काय म्हणावे, हा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नव्हता. तो एकदा आला आणि पाहुण्यासारखा वर्षभर मुक्कामाला राहिला.

मी गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यातल्या एका गावी चित्रकलेचा मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिक, त्यावर चित्रकलेच्या परीक्षा. रात्री कादंबऱ्या लिहितो. आजवर तीन छापून आल्या. तिन्हींचे मानधन एकत्र केले तर मोटारीची चार टायरे आली असती, पाचवे मात्र उधारीवर घ्यावे लागले असते. तेव्हा मोटार घ्यायची तर पगारातून, कर्ज काढून आणि अगदी खालच्या पायरीची, हे न बोलताच ठरलेले होते. वाद होता तो घ्यावी की नाही याचा, आणि घेतलीच तर ती खालची पायरी आमच्या कामाची आहे की नाही याचा.

पायरी हा शब्द माझा. विक्रेते 'बेस मॉडेल' म्हणतात. एकच मोटार चार-पाच रूपांत निघते, आणि प्रत्येक रूपाला इंग्रजी बाराखडीतली दोन-तीन अक्षरे चिकटवलेली असतात. माहितीपुस्तिकेत एक तक्ता असतो. वरच्या पायरीच्या रकान्यात सगळ्या बरोबरच्या खुणा. खालच्या पायरीच्या रकान्यात आडव्या रेघा. मागच्या काचेला वायपर: रेघ. गाणी: रेघ. मागच्या खिडक्यांना बटणे: रेघ. चाकांच्या टोप्या: रेघ. वीस-बावीस वर्षे प्रगतिपुस्तके भरलेल्या माणसाला तो रकाना पाहून गलबलून येते. या पोराला एकाही विषयात गुण नाहीत, आणि तरी तो पाच लाख रुपये मागतो!

आता मोटारीचे खूळ आमच्या डोक्यात शिरले कसे, ते सांगितले पाहिजे. माझी मुलगी अकरावीत आहे. तिला सिकलसेल आहे. झाडीपट्टीतल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी या आजारात विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही रक्तात अर्धा-अर्धा दोष असेल तर मुलाच्या वाट्याला तो पुरा येऊ शकतो. आम्ही दोघे धडधाकट. आमच्या अंगात काही आहे हे मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत आम्हांला ठाऊक नव्हते. औषध रोजचे असते, पाणी सारखे प्यावे लागते, आणि दोन गोष्टींना जपावे लागते: अंगातले पाणी आटवणारे ऊन आणि अंगात शिरणारी थंडी. यांतले एखादे जास्त झाले की हातापायांत, पाठीत कळा सुरू होतात. त्या कळांचे वर्णन मी कादंबरीतसुद्धा कधी केलेले नाही.

आणि आम्ही राहतो कुठे, तर जिथे मे महिन्यात शेजारच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४७ अंशांपर्यंत गेलेला आम्ही पाहिला आहे, आणि जिथे डिसेंबरात पहाटे नदीकाठी तोंडातून वाफ निघते. नागपूरचा दवाखाना सव्वाशे किलोमीटरांच्या वर. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड, मग नागपूर. नागभीडहून नागपूरला पूर्वी छोट्या रुळांची गाडी जात असे. रूळ रुंद करण्यासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. आईच्या मनातली 'गाडी' ती हीच. एस.टी.ने आजवर आम्हांला सांभाळले हे खरेच आहे. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिच्यात तिकीट नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धेच आहे. त्यामुळे मोटारीविरुद्ध पहिले मत आईने नोंदवले.

"मले फुकट नेते ना ते लालपरी. मंग मी पैसे लावून कायले जाऊ गा?"

आईच्या वादाला उत्तर नव्हते. हिशेबालाही नव्हते. मी एका रविवारी कागद घेऊन बसलो. चार लाखांचे कर्ज, व्याज नऊ टक्के धरले, तर पाच वर्षे दरमहा ८,३०० रुपये. म्हणजे व्याजच अठ्ठ्याण्णव हजार. मुदत सात वर्षे केली तर हप्ता साडेसहा हजारांच्या आत येतो, पण व्याज एक लाख चाळीस हजारांवर जाते. शिवाय पेट्रोलच्या मोटारीच्या किमतीवर महाराष्ट्रात ११ टक्के रस्त्याचा कर, आणि २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तिसऱ्या पक्षाचा विमा एकदमच उतरवावा लागतो. दुसऱ्या बाजूला मी मांडले भाडे. गावातला भाड्याचा गाडीवाला नागपूरच्या फेरीचे साडेतीन हजार घेतो. वर्षाला बारा फेऱ्या धरा. बेचाळीस हजार. हप्ते होतात वर्षाला लाखाच्या घरात, त्यावर पेट्रोल वेगळे. गणिताने मोटार नापास झाली.

मी कागद बायकोपुढे ठेवला. तिने तो शांतपणे वाचला आणि विचारले, "यात रात्रीची फेरी कोणत्या ओळीत धरली?"

ती ओळ कागदावर नव्हती. रात्री दोन वाजता भाड्याची गाडी येत नाही. लग्नसराईत ती दिवसाही येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि तिने आमच्या भागात कितीतरी जिवांना वाचवले आहे. पण मुलीचे हात दुखायला लागले आहेत, अजून रडत नाही, उजाडेपर्यंत थांबावे की निघावे, अशा वेळी माणूस १०८ ला बोलावायला बिचकतो. तिथे प्रश्न पैशांचा नसतोच. दाराबाहेर काही उभे आहे की नाही, एवढाच असतो. आजार अंगणातल्या मोटारीने बरा होत नाही हे मलाही कळते. पण आपण निघू शकतो एवढे ठाऊक असले तरी बापाच्या छातीतली धडधड कमी होते, आणि ती कमी झाली की निघावे की थांबावे याचा निर्णय तो शहाणपणाने घेतो.

याच सुमारास माझे साडू पुण्याहून आले. त्यांच्याकडे सर्वांत वरच्या पायरीची मोटार आहे. ते सज्जन गृहस्थ आहेत आणि उपदेश करताना त्यांना मनापासून आनंद होतो. "मास्तर, घ्यायची तर टॉपच घ्या," ते म्हणाले, "दीड-दोन लाखांचाच फरक. आयुष्यात माणूस गाडी किती वेळा घेतो?" मग त्यांनी आपल्या मोटारीच्या छपरातली काच सरकवून दाखवली. खाली बसून आभाळ दिसते. बाहेर मे महिना होता. आई थोडा वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, "छप्पर गळते म्हनून आपन दरसाली कौलं फेरतो. यायनं मुद्दाम भोक ठेवलं." त्या मोटारीत आणखी एक सोय अशी होती की, वेग एकदा ठरवून दिला की पाय काढून घेतला तरी ती त्याच वेगाने चालते. आरमोरीच्या रस्त्यावर गाई, रानडुकरे, वराती आणि वाळत घातलेले धान असते. २०२१ पासून जिल्ह्यात छत्तीसगडकडून आलेले रानहत्तीही आहेत. यांतल्या कुणालाही तो ठरवलेला वेग मान्य होणार नाही.

तरीही साडूंचे बोलणे मी उडवून लावले नाही. खालची पायरी म्हणजे काय, याला एक इतिहास आहे आणि तो फारसा गोड नाही. मारुती ८०० दिल्लीत पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाती आली ती १४ डिसेंबर १९८३ ला; पुढे कित्येक वर्षे तिच्या साध्या रूपात वातानुकूलन नसे, आणि तरी ती दारात आली की गल्ली जमा होई. मग १० जानेवारी २००८ ला रतन टाटांनी नॅनो दाखवली. स्कूटरवर बसलेले चौघांचे कुटुंब पाहून ती कल्पना सुचली, असे ते सांगत. आमच्याकडे मोटारसायकलवर पाच जण जातात, पण हेतू तोच. तिच्या सर्वांत स्वस्त रूपात वातानुकूलन नव्हते, रेडिओ नव्हता. वायपर तर कोणत्याच रूपाला एकाहून जास्त नव्हता. मोटार वाईट नव्हती. तिला 'सर्वांत स्वस्त' म्हटले गेले ते बाधले, असे पुढे टाटांनीच सांगितले. २०१८ मध्ये ती निघायची थांबली. आयुष्याची कमाई घालून आणलेल्या वस्तूवर कुणी 'स्वस्त' असे लिहिलेले माणसाला सोसत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी खालच्या पायरीच्या मोटारीला बाजारातून आणून वरच्या पायरीची चकचकीत अक्षरे चिकटवली आहेत. मी हसत नाही. मीसुद्धा पाहुणे आले की फुटक्या कानाच्या कपबश्या मागे ठेवतो.

पण सोसण्याच्या गोष्टी निराळ्या आणि जिवाच्या निराळ्या. जानेवारी २०१४ मध्ये परदेशातल्या एका संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारी भिंतीवर आदळून पाहिल्या. मुद्दाम खालच्या पायरीच्या घेतल्या होत्या, एअरबॅग नसलेल्या. पाचही मोटारींना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्या वेळी जीव वाचवण्याची साधने ही गाण्यांच्या पेटीसारखीच वरच्या पायरीवर ठेवलेली होती. ऐपत असेल त्याने चढून घ्यावीत. नंतर कायद्याने ती एकेक करून खाली उतरवली. एप्रिल २०१९ पासून ब्रेक दाबला तरी चाके घसरू न देणारी एबीएस नावाची यंत्रणा सगळ्या नव्या मोटारींत आली, जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग, आणि २०२२ सालापासून शेजारी बसणाऱ्यापुढचीही. म्हणजे आजची खालची पायरी ही दहा-बारा वर्षांपूर्वीच्या खालच्या पायरीहून पुष्कळ वर आहे. तक्त्यातल्या ज्या रेघांनी मला गलबलून आले होते त्या पुन्हा एकदा वाचल्या, तेव्हा लक्षात आले की उरलेल्या बहुतेक रेघा गाण्यांच्या आणि टोप्यांच्याच आहेत.

आमच्या गावचा मिस्त्री या बाबतीत माझ्याहून स्पष्ट बोलतो. मी त्याला विचारले, मागच्या खिडक्यांना हाताने फिरवायच्या किल्ल्या आहेत, चालेल का? तो पाना पुसत म्हणाला, "सर, जे नाई त्याले बिघाड कायचा?"

तरी एक रेघ उरली, आणि ती मोठी होती. एका मोटारीच्या अगदी खालच्या पायरीवर वातानुकूलनच नव्हते. पन्नासेक हजार वाचत होते. सात-आठ वर्षांपूर्वी मी ते आनंदाने वाचवले असते. आमच्या घरी अजून कूलरच आहे आणि तोही माठाशेजारी ठेवलेला. पण ज्या मुलीच्या रक्तातले पाणी जपायचे तिला मे महिन्यात चार तास त्या पत्र्याच्या डब्यात बसवायचे, तर डबा घ्यायचाच कशाला? तेव्हा आमची पायरी ठरली: खालून पहिली नव्हे, दुसरी. गाणी नकोत, गारवा हवा. बायकोने हे आपल्या वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ मारली.

आता विरोधी पक्षाचे खरे म्हणणे सांगतो. ते बायकोचेच होते. "गाडी आपली राहणार नाही," ती म्हणाली, "गावाची होईल. अमक्याची सून अडली, तमक्याला साप चावला, बारशाला कुरखेड्याला जायचे आहे. तुम्हांला नाही म्हणता येते का?" मला येत नाही. मी आईकडे पाहिले.

आई म्हणाली, आमच्या घरी बंडी होती तेव्हा हेच होते. मालगुजाराकडे रेंगी होती: वर तट्ट्या, आत गादी, बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा. वरची पायरी! आमच्या आजोबांची बंडी उघडी, खाली तणीस अंथरलेले. रेंगी लग्नाला निघे आणि बंडी आजाऱ्याला. नदीवर पूल नव्हता त्या दिवसांत बंडी काठापर्यंत जाई, पुढे डोंगा. मालगुजाराच्या घरचे माणूस आजारी पडले तरी बंडीच मागत, कारण रेंगीत माणसाला आडवे होता येत नसे. "तवा कोनी इचारलं नाई का वर गादी हाय का नाई म्हून," आई म्हणाली. "बैल जुपले का, येवढंच इचारत." भामरागडकडे आजही भर पावसात रस्ता तुटला की माणसे रोग्याला खाटेवर घालून खांद्यावर आणतात. त्या खाटेच्या मानाने आमची दुसरी पायरी फारच वर झाली. आणि वैनगंगेला ऑगस्ट २०२० सारखा पूर आला तर साडूंची मोटार आणि माझी, दोन्ही एकाच काठावर उभ्या राहणार.

बायकोने ऐकून घेतले. पेट्रोल ज्याचे त्याने घालावे आणि बारशाला गाडी मिळणार नाही, या दोन अटी तिने वहीत घातल्या. पहिली पाळली जाईल. दुसरीबद्दल मला शंका आहे.

या सगळ्या काळात जिच्यासाठी हे चालले होते ती काही बोलली नव्हती. एका संध्याकाळी ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "बाबा, माझ्यासाठी म्हणून घेऊ नका," ती म्हणाली. "मग ती माझ्या आजाराची गाडी होईल. दारात उभी दिसली की मला तेच आठवेल. पैसे राहू द्या, मला पुढे नागपूरला होस्टेलला लागतील." मी कादंबरीकार असल्यामुळे अशा वेळी मला एकही वाक्य सुचत नाही. होस्टेलचे पैसे वेगळे आहेत, एवढे मी सांगितले. ते खरे होते, पण पुरेसे वेगळे नव्हते. मग मी विचारले, आजारासाठी नाही तर कशासाठी घेऊ? तिने जरा विचार केला. "नाटकाला," ती म्हणाली.

झाडीपट्टीत भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. गावोगाव दुकाने लागतात, लेकीबाळी माहेरी असतात, आणि रात्री नाटक. वडशाच्या मंडळ्या होळीपर्यंत गावे पालथी घालतात. पडदा उघडायला दहा-अकरा वाजतात आणि पडायला पहाट होते. थंडीत उघड्यावर बसणे एक वेळ घोंगडीने निभावते. पहाटेच्या गारठ्यात मोटारसायकलवरून परत येणे तिला जमत नाही. सहा वर्षे झाली, शेजारच्या गावी नाटक असले की घरचे सगळे जातात आणि ती आजीजवळ थांबते. तिने कधी तक्रार केलेली नाही. सकाळी सगळ्यांकडून नाटकाची गोष्ट मात्र काढून घेते, आणि कुणी एखादा प्रवेश गाळला तर तिला तो कळतो.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान मोटारींवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा अधिभारही गेला. त्याच आठवड्यात आम्ही चौघे चंद्रपूरला गेलो. दुकानातल्या तरुणाने नेहमीप्रमाणे 'एव्हरेज'पासून सुरुवात केली. मी खिशातून शिंप्याकडची मापाची टेप काढली आणि मागचा बाक मोजला. चार फूट. मुलगी पाच फूट एक इंच. तो तरुण म्हणाला, "सर, मागे तीन माणसं आरामात बसतात." मी म्हटले, "एकच माणूस निजवायचं आहे." त्याचा चेहरा उतरला, माझा धंदा काय असावा याविषयी त्याच्या मनात भलतेच काही आले असावे. मुलगी खळखळून हसली. मग बायकोने त्याला सरळ सगळे सांगितले. तो पोरगा मूळचा मूलचा निघाला. त्याच्या मावसभावाला तोच आजार. त्याने पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. आडवे नेणे बरोबर नाही, तो म्हणाला, पट्टा लावता येत नाही. २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ती मोटार किती महागडी होती; पण मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते. मग त्याने पुढची डावी सीट एका कळीने मागे सरकवली, थोडी कलती केली, आणि मुलीला म्हणाला, "ताई, बसून पाहा." ती बसली. पाय लांब झाले, पट्टा लागला, डोके टेकले. "हे वरच्या मॉडेललाच असेल," मी म्हणालो. "नाही सर," तो म्हणाला, "हे सगळ्यांनाच आहे. पुस्तिकेत लिहीत नाहीत, कारण त्यात विशेष काही नाही."

आम्ही पांढरा रंग घेतला. बाकीच्या रंगांना थांबावे लागत होते. भाऊबीजेच्या आत मिळेल म्हणतात; नंबर एमएच-३३ चा, गडचिरोलीचा. मी रोज संध्याकाळी मिस्त्र्याच्या जुन्या मोटारीवर शाळेच्या मैदानात हात बसवतो आहे, आणि पोरे कुंपणावर बसून मला गुण देतात.

आईने लालपरी सोडलेली नाही, पण पहिल्या मंडईच्या नाटकाला मोटारीने कोण कोण जायचे याची यादी तिने केली आहे. ती, आम्ही तिघे, माझी विधवा आत्या, शेजारची दोन पोरे आणि तबल्याची आवड असलेला मिस्त्री. आठ झाले. पाचच बसतात, मी म्हटले. ती यादीवरून बोट फिरवत राहिली.

"मांगं सामान ठेवाची जागा हाय म्हनते ना गा," शेवटी ती म्हणाली, "तिथं घोंगड्या मावते का ते आधी पाह्य."